उंच वाळवंटातील सार्वजनिक हिरवळ

गोल्फ हा शब्द कानी पडताच आपल्याकडील सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे काही ठराविक चित्रे उभी राहतात. छावणीच्या गावी आखून ठेवलेले लष्करी अधिकाऱ्यांचे मैदान, थंड हवेच्या ठिकाणी साहेबलोकांनी राखलेली हिरवळ, नाहीतर बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात पसरलेले ते विस्तीर्ण कुरण. कुंपणापलीकडून कुणीतरी पांढऱ्या चेंडूला काठी मारावी आणि कुंपणाअलीकडून इतरांनी ते पाहावे, असाच या खेळाशी आपला बहुधा संबंध आला. हा खेळ श्रीमंतांचा, फुरसतीचा व पाण्याची चैन असलेल्यांचा, हा ग्रह त्यामुळे दृढ झाला.

परंतु या खेळाचा उगम श्रीमंतीत नाही. स्कॉटलंडच्या समुद्रकाठी, नांगराला निरुपयोगी अशा वाळूच्या गायरानावर तो वाढला. सन १४५७ मध्ये तेथील पार्लमेंटाने त्यावर बंदी घातली, ती लोक धनुर्विद्येचा सराव सोडून या खेळाच्या नादी लागले म्हणून. सेंट अँड्रूज गावच्या रहिवाशांना आपल्या गायरानावर खेळण्याचा हक्क १५५२ च्या सनदेने मान्य झाला. त्या गावचे सर्वांत जुने मैदान आजही सार्वजनिक आहे. रविवारी तेथे सहसा खेळ बंद असतो आणि गावकरी मुलाबाळांसह त्या जगप्रसिद्ध हिरवळीवर फिरावयास येतात. पुढे अमेरिकेत हा खेळ प्रथम खाजगी क्लबांच्या भिंतींआड शिरला, पण १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलंड उद्यानात पहिले सार्वजनिक मैदान निघाले, आणि तेव्हापासून वाचनालय, पोहण्याचा तलाव व बाग यांच्या जोडीला गोल्फचे मैदान चालविणे हेही तेथील नगरपालिकांचे एक काम होऊन बसले.

स्कॉटलंडच्या गायरानाला पाणी आभाळ देत होते आणि गवत मेंढ्या कापीत होत्या. त्या गवताचा खर्च कुणालाच पडत नव्हता. तोच खेळ जेथे आभाळ पाणी देत नाही अशा भूमीत नेला, आणि तोही एका नगरपालिकेने नेला, तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे या राजधानीच्या शहरी पाहावयास मिळते.

सांता फे म्हणजे स्पॅनिश भाषेत ‘पवित्र श्रद्धा’. स्पॅनिश वसाहतवाल्यांनी १६१० च्या सुमारास वसविलेले हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सात हजार फूट उंचीवर आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून ते अडीच हजार फूट उंच झाले. परंतु महाबळेश्वरचा पाऊस येथे नाही. वर्षाकाठी अवघा चौदा इंच, आणि त्यातही हिवाळ्यातल्या बर्फाचा वाटा आला. दुष्काळी म्हणून प्रसिद्ध असलेल्या आपल्या माणदेशातही याहून अधिक पाऊस पडतो. अशा मुलखाला तेथे ‘उंच वाळवंट’ म्हणतात. राजस्थानातल्यासारख्या वाळूच्या टेकड्या येथे नाहीत. तांबूस माती, तिच्यावर ठिपक्यांसारखी विखुरलेली पिन्यॉन व जुनिपरची खुजी झाडे, शरद ऋतूत पिवळ्या फुलांनी भरून जाणारी चमीसाची झुडुपे आणि चहूकडे लांबवर डोंगर, असे त्याचे रूप आहे. पूर्वेच्या रांगेचे नाव सांग्रे दे क्रिस्तो, अर्थात ‘ख्रिस्ताचे रक्त’. सायंकाळी ही शिखरे तांबडी होतात.

शहराच्या पश्चिम अंगाला, या डोंगरांच्या नजरेसमोर, नगरपालिकेने १९९८ मध्ये एक मैदान खुले केले. ‘मार्टी सांचेझ लिंक्स’ हे त्याचे नाव, आणि बॅक्स्टर स्पॅन हे त्याचे रचनाकार. अठरा खळग्यांचे मोठे मैदान व त्याला लागून नऊ खळग्यांचे लहान मैदान, अशी त्याची मांडणी आहे. लहान मैदान नवशिक्यांच्या, मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या सोयीचे. मोठ्या मैदानाची लांबी सात हजार दोनशे यार्डांच्या वर, म्हणजे चार मैलांहून अधिक भरते. चांगल्या खेळाडूने ते बहात्तर टोल्यांत पुरे करावे, अशी अपेक्षा. येथे सभासद होण्यासाठी कुणाची शिफारस लागत नाही. खिडकीशी फी भरावी, आपली वेळ घ्यावी आणि खेळावयास जावे.

एखाद्या सकाळी तेथे जो खेळावयास येतो त्याचा दिवस कसा जातो ते पाहू. ऑक्टोबर महिना आहे असे धरा. तो पहाटेच येऊन पोहोचला तरी त्याला लगेच मैदानावर सोडीत नाहीत, कारण गवतावर हिम पडलेले असते. हिमाने ताठरलेल्या पात्यावर पाय पडला तर ते पाते मोडते, आणि दोन दिवसांनी त्या जागी पावलांचे काळपट ठसे उमटतात. म्हणून ऊन वर येईपर्यंत सर्वांनी थांबावयाचे. एकटा आलेला माणूस तेथे एकटा राहत नाही. खिडकीवरचा कारकून त्याला दुसऱ्या तिघांत घालून देतो. अशा चौकडीत एखादा निवृत्त शिक्षक असतो, एखादा बसचालक असतो, सुटीचा दिवस साधून आलेली एखादी परिचारिका असते. चार तास ही मंडळी बरोबर चालतात. त्यांची पूर्वीची ओळख नसते, आणि पुढे भेट होईलच असेही नाही.

पहिल्याच टोल्याला परगावच्या पाहुण्याची फजिती होते. चेंडू त्याच्या अपेक्षेहून फार दूर जातो. एवढ्या उंचीवरील हवा समुद्रकाठच्या हवेहून सुमारे पाचव्या हिश्शाने विरळ असते. चेंडूला अडविणारी हवाच कमी, त्यामुळे समुद्रकाठी दोनशे यार्ड जाणारा चेंडू येथे पंधरा ते वीस यार्ड पुढे जाऊन पडतो. हा लाभ मात्र निर्भेळ नाही. गोल्फच्या चेंडूवर जे बारीक खळगे असतात ते शोभेसाठी नसतात. एकोणिसाव्या शतकात गुळगुळीत चेंडूंनी खेळणाऱ्यांच्या ध्यानात आले की, घासून खरवडलेला जुना चेंडू नव्या चेंडूहून चांगला उडतो, आणि त्यातून हे खळगे निघाले. गरगर फिरणाऱ्या चेंडूला हे खळगे हवेवर उचलून धरतात. हवाच विरळ झाली म्हणजे हा आधारही कमी होतो. चेंडू कमी उचलला जातो आणि मुद्दाम वळवावा म्हटले तरी पुरेसा वळत नाही. हवेने दिलेली लांबी तिनेच काढून घेतलेल्या वळणाशी ताडून पाहावी लागते. तेथला सराईत खेळाडू म्हणूनच नेहमीपेक्षा एक पायरी खालची काठी हाती घेतो आणि जोर आवरून खेळतो.

देहाचेही तसेच होते. घाम येतो, पण तो अंगावर दिसण्यापूर्वीच वाळून जातो, त्यामुळे आपल्याला तहान लागली आहे हे माणसाला उशिरा कळते. नवखा खेळाडू सातव्या-आठव्या खळग्याशी डोके धरून बसतो. जाणता खेळाडू तहान लागण्याची वाट न पाहता दर खळग्याला दोन घोट पाणी पितो. जुलै-ऑगस्टात आणखी एक संकट असते. सकाळी निरभ्र असलेल्या आकाशात दुपारी डोंगरांवर ढगांचे मनोरे चढतात आणि विजा कडाडू लागतात. उघड्या माळावर हातात लोखंडी काठ्या घेतलेला माणूस म्हणजे विजेला आमंत्रणच. म्हणून आकाश गडगडू लागताच खेळ तसाच टाकून सर्वांनी आसऱ्याला धावावयाचे. वर्षाच्या पावसाचा मोठा हिस्सा अशाच दुपारी अर्ध्या-अर्ध्या तासात कोसळून जातो.

आता या मैदानाचे खरे वैशिष्ट्य. तेथे हिरवळ सलग नाही. चेंडू जेथून मारावयाचा ती जागा, तो जेथे पडावा ती पट्टी आणि सव्वाचार इंच व्यासाचा खळगा ज्यात असतो ते गुळगुळीत अंगण, एवढ्याला पाणी मिळते. बाजूला मूळचे वाळवंट तसेच राहिले आहे. पट्टी चुकलेला चेंडू खडकांत, निवडुंगाच्या काट्यांत किंवा जुनिपरच्या बुंध्याशी जाऊन बसतो. तेथून तो मारणे शक्य नसेल तर नियमाप्रमाणे एक टोला दंड घ्यावा आणि चेंडू उचलून योग्य जागी टाकावा.

पण हा दंड लावावयाचा कोणी? बाजूला पंच उभा नसतो. झुडुपाआड चेंडू किंचित हलला की नाही, हे फक्त त्या खेळाडूलाच माहीत. त्याने बाहेर येऊन आपल्या तोंडाने सांगावयाचे, की एक टोला वाढवा. साथीदार तो आकडा पत्रकावर मांडतो. सर्व खेळ या एका विश्वासावर उभा आहे. आपण किती घेतले याचा खरा हिशेब, कुणी पाहत नसतानाही, ज्याचा त्याने द्यावा.

हाच हिशेब मग त्या मैदानालाही विचारला पाहिजे. चौदा इंच पावसाच्या मुलखात गवत वाढविणाऱ्या नगरपालिकेने आपण किती पाणी घेतले आणि कोणाचे घेतले हे सांगावयास नको काय? मैदान खुले झाल्यावर चारच वर्षांनी, २००२ मध्ये, सांता फेवर तीव्र दुष्काळ ओढवला. घरापुढच्या बागेला पाणी घालण्यावर कडक निर्बंध आले. नवे घर बांधू इच्छिणाऱ्याला शहरातील जुनी, फार पाणी पिणारी शौचपात्रे स्वखर्चाने बदलून देण्याची अट घालण्यात आली. म्हणजे नव्याने लागणारे पाणी त्याने आधी वाचवून दाखवावयाचे. लोकांनी अंगणातील हिरवळी काढून खडी व काटक झुडुपे लावली. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास दरडोई दररोज १६० गॅलनांहून अधिक पाणी वापरणारे हे शहर पुढील वीस वर्षांत शंभर गॅलनांच्या आसपास आले. ज्या नागरिकाने आपल्या दारची हिरवळ वाळू दिली, त्याला नगरपालिकेची हिरवळ पाहून काय वाटले असेल?

यावर नगरपालिकेचे उत्तर असे, की मैदानाला जाते ते पिण्याचे पाणी नव्हे. शहराच्या मोऱ्यांतून वाहून आलेले सांडपाणी शुद्ध करून ते नळाने तेथे नेले जाते. जे पाणी एकदा स्वयंपाकघरातून व न्हाणीघरातून जाऊन आले, तेच दुसऱ्यांदा गवताच्या मुळाशी जाते. उत्तर समर्पक आहे, आणि वाळवंटातील कित्येक शहरांनी हाच मार्ग धरला आहे.

पण ते पुरेसे नाही. शुद्ध केलेले सांडपाणी सांता फे नदीच्या कोरड्या पात्रात सोडले जाते आणि शहराच्या खालच्या अंगाला त्यानेच नदी वाहती राहते. ला सिएनेगा व ला बहादा या जुन्या वस्त्या त्याच बाजूस आहेत. ला बहादाच्या शेतांना मिळणारे पाणी वरून किती सोडले जाते यावर अवलंबून असते. अलीकडे तर हे पाणी नळाने रिओ ग्रांदे नदीस परत पोहोचवावे आणि त्या बदल्यात तेथून तेवढे अधिक पाणी उचलावे, अशीही योजना नगरपालिकेने आखली आहे. म्हणजे एकाच पाण्याकडे तिघांचे डोळे लागले आहेत: मैदानाचे गवत, खालचा शेतकरी आणि उद्याचे शहर. वाळवंटात टाकाऊ पाणी असे काही नसतेच. वरच्याने टाकलेले पाणी खालच्याच्या ताटातले असते.

हा प्रश्न त्या मुलखाला नवा नाही. न्यू मेक्सिकोच्या खेड्यांत ‘आसेकिया’ नावाचे मातीचे पाट शेकडो वर्षे वाहत आले आहेत. शब्द मूळचा अरबी. तो स्पेनमधून पाटांच्या विद्येबरोबरच तेथे गेला. पाटावरचे सर्व शेतकरी आपल्यातून एक ‘मायोर्दोमो’ निवडतात. कोणाची पाळी केव्हा व किती वेळ हे तो ठरवितो. वसंत ऋतूत सर्वांनी मिळून पाटातला गाळ उपसावयाचा, आणि पाणी कमी आले तर सर्वांनी मिळून तुटीची झळ सोसावयाची. आपल्या खानदेशातील पांझरेकाठची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा मायोर्दोमो अगदी परका वाटणार नाही. तो आपला पाटकरीच. दोन दूरच्या कोरड्या मुलखांतील शेतकरी एकमेकांचे तोंडही न पाहता एकाच निष्कर्षाला आले, की पाणी कमी असेल तेथे ते सर्वांचे मानल्यावाचून आणि उघड्यावर मोजल्यावाचून गत्यंतर नाही.

नगरपालिकेच्या मैदानालाही हीच कसोटी लागू होते. ते खरोखर सर्वांचे असेल तरच त्याला सर्वांच्या पाण्यातला वाटा मागता येईल. आणि ‘सार्वजनिक’ ही पाटी लावल्याने मैदान सर्वांचे होतेच असे नाही, हे अमेरिकेच्या इतिहासाने दाखविले आहे. अटलांटा शहरी नगरपालिकेची मैदाने होती. ती कराच्या पैशांवर चालत, परंतु कृष्णवर्णीय नागरिकांना तेथे मज्जाव होता. आल्फ्रेड होम्स, त्यांचे वडील व त्यांचे बंधू यांनी याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, आणि नोव्हेंबर १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. धंदेवाईक खेळाडूंच्या संघटनेने आपल्या घटनेतील गोऱ्यांपुरते सभासदत्व ठेवणारे कलम काढून टाकले, ते त्यानंतर १९६१ मध्ये.

न्यू मेक्सिकोतही अशी दोन उदाहरणे आहेत. रॉझवेल गावी डोमिंगो लोपेझ हे मेक्सिकन वंशाचे गृहस्थ मोटारदुरुस्तीचे दुकान चालवीत. खाजगी क्लबात त्यांच्यासारख्यांना थारा नव्हता. त्यांनी आपल्या मुलीला, नॅन्सीला, नगरपालिकेच्या मैदानावर नेले आणि स्वतःच शिकविले. बारा वर्षांची असताना तिने राज्यातील महिलांची हौशी स्पर्धा जिंकली. १९७८ मध्ये तिने एका वर्षात नऊ स्पर्धा जिंकल्या, त्यांपैकी पाच तर ज्यांत तिने भाग घेतला अशा लागोपाठच्या होत्या. एकंदर ४८ विजय मिळवून ती जगातील थोर खेळाडूंत गणली गेली. ज्या गावी खाजगी दार बंद होते, तेथील नगरपालिकेच्या मैदानाला आज तिचे नाव आहे.

दुसरे उदाहरण अल्बुकर्क शहराचे. नावाहो व पुएब्लो या आदिवासी समाजांतला नोटा बेगे हा मुलगा तेथील नगरपालिकेच्या लादेरा मैदानावर वाढला. घरी पैसा बेताचा. लहान वयातच त्याने मैदानाच्या व्यवस्थापकाकडे जाऊन, आपण पडेल ते काम करू, त्याच्या मोबदल्यात सरावाला चेंडू मिळावेत, असा सौदा केला. पुढे तो स्टॅनफर्ड विद्यापीठात टायगर वुड्सचा संघसोबती झाला, आणि १९९९ व २००० या दोन वर्षांत त्याने अमेरिकेतील चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या. ज्यांच्या पूर्वजांची ही भूमी, त्यांच्यातला एक मुलगा या खेळात शिरला तो नगरपालिकेच्या फाटकातून.

ही दोन नावे सांगितली म्हणजे पाण्याचा हिशेब चुकता झाला असे मात्र नव्हे. ला बहादाच्या शेतकऱ्याची मका विजयपदकांवर पिकत नाही. उलट, शेतकऱ्याचे पाणी खरे म्हणून मुलांचे खेळणे खोटे, असेही म्हणता येत नाही. शहराला पाटाइतकीच मोकळ्या जागेचीही गरज असते, आणि ती जागा सर्वांची नसेल तर ती फक्त पैसेवाल्यांची होते. खाजगी मैदानेही त्याच वाळवंटात आहेत. फरक इतकाच, की नगरपालिकेच्या मैदानाचा हिशेब कुणाही नागरिकाला सभेत उभे राहून विचारता येतो. हे गवत किती ठेवावे, कोणत्या पाण्यावर ठेवावे, दुष्काळ पडला तर आधी काय वाळू द्यावे, हे प्रश्न तेथे दर काही वर्षांनी नव्याने निघतात. ते निघत राहावेत. ज्या वर्षी ते निघावयाचे थांबतील, त्या वर्षी ते मैदान पाटीवर सार्वजनिक राहील आणि प्रत्यक्षात कोणाचे तरी होईल.

आपल्याकडेही शहरे वाढत आहेत, मोकळ्या जागा आक्रसत आहेत आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे त्या शहरांच्या वेशीलाच लागून आहेत. आपल्या बागा व मैदाने कोणत्या पाण्यावर हिरवी आहेत, आणि त्यांचे फाटक कोणासाठी उघडते, हे दोन्ही प्रश्न आपण एकत्र विचारावयास हवेत. त्यांपैकी एकच विचारला तर अर्धाच न्याय होतो.

सायंकाळी शेवटची चौकडी अठराव्या खळग्याशी येते. परिचारिका आपला आकडा सांगते आणि मग थोडे थांबून म्हणते, मघाशी झुडुपात चेंडू हलला होता, एक वाढवा. शिक्षक पत्रकावरचा आकडा खोडून नवा लिहितात. चौघे हस्तांदोलन करून आपापल्या वाटेने जातात. पूर्वेची शिखरे तांबडी होऊन विझतात. अंधार पडतो, वारा निवतो, आणि उन्हात वाफ होऊन जाऊ नये म्हणून दिवसभर राखून ठेवलेले शहराचे वापरलेले पाणी त्या गवतावर हळूहळू पडू लागते.